धामणवाडीचा चुडा

“तोंडाकडं बघायचं गं, हाताकडं न्हाई. हात कळ दडवतो, तोंडाला दडवता येत न्हाई.”

सासू जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी बांगडी हातात घेतली की जैतूनबीचा हा आवाज अख्तरबीच्या कानाशी येऊन बसायचा. आत्ताही ती साळूबाईच्या तोंडाकडंच बघत होती. साळूबाईनं डोळे मिटून घेतले होते, खालचा ओठ दातांत धरला होता आणि हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडावर येऊन अडली होती. अख्तरबीनं तिचा पंजा आणखी आवळला आणि बांगडी रेटली. बारीक आवाज झाला.

“वाढली,” अख्तरबी म्हणाली. सुवासिनीच्या हाताशी बसून बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं.

“तिसरी वाढली ही,” साळूबाई हात झटकत म्हणाली. “भाभी, हात हाय का वरवंटा? अकिला कुठं गेली?”

“हाय की आत. भाकरी थापतीया.”

“मग भाकरी तुमी थापा जावा.”

साळूबाई समोरच्याच घरातली. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. अख्तरबीही हसली. काचेचे तुकडे तिनं एकेक करून पदरात वेचले आणि आतल्या दाराकडं तोंड करून नणंदेला हाक मारली.

अकिला हात पुसत आली. तिनं साळूबाईचा हात आपल्या मांडीवर घेतला, पण बांगडीला शिवली नाही. नुसती बोटं चोळत बसली. “म्हस व्याली का तुजी? काय झालं, रेडी का टोणगा?” साळूबाई रेडीचं कौतुक सांगायला लागली. तिच्या कपाळावर पांढरा चांद होता, दूध ओढताना ती कशी ढुशी मारायची, सगळं. तिचं सांगून होईतो डाव्या हातात सहा आणि उजव्या हातात सहा बांगड्या जाऊन बसल्या होत्या आणि एकीनंही आवाज केला नव्हता.

साळूबाईनं पदर सावरला, वाकली आणि अकिलाला नमस्कार केला. बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायचा, ही रीतच. मग ती कुठल्या का जातीची असेना, सवाष्ण असो वा विधवा. अठरा वर्षं साळूबाई अख्तरबीपुढं अशी वाकत आली होती.

अख्तरबी आत गेली. तव्यावरची भाकरी टम्म फुगली होती. तिनं ती उलटली नाही, करपू दिली.

*

अख्तरबी लग्न होऊन उंबरगावच्या पेठेत आली तेव्हा अकिला इथं नव्हती. चार वर्षं आधीच, पंधराव्या वर्षी, तिला कराचीला दिलेली. मामाचं कुटुंब फाळणीनंतर तिकडं गेलं होतं, त्यातल्याच मुलाला. मग तेरा वर्षं अख्तरबीनं ही नणंद फक्त सासूच्या तोंडून ऐकली. अकिला असती तर एव्हाना बांगड्यांच्या माळा ओवून झाल्या असत्या. अकिलाच्या हाताला हाडच न्हाई. नसलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून अख्तरबी ऐकून घ्यायची. पाच वेळची नमाज तिनं कधी चुकवली नाही, दर गुरुवारी पिराला दिवा लावण्याचा नेम मोडला नाही, सासूचं दुखणं हगण्यामुतण्यासकट काढलं. कधीतरी सासू म्हणेल, अख्तर, तुझ्यासारखी तूच. एवढंच तिला ऐकायचं होतं.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात अकिला खरोखरच आली. नवरा आदल्या वर्षी गोदीत क्रेनखाली सापडून गेलेला, हाताशी सहा वर्षांची लेक नसीम, आणि आजारी आईला भेटण्यासाठी मिळालेला तीन महिन्यांचा कागद. आईचं दुखणं लांबलं, म्हणून कागदाची मुदत एकदा वाढवून मिळाली. तेवढ्यात लढाई पेटली आणि सगळ्या वाटा बंद झाल्या. तिला परत पाठवता येईना आणि इथलीही म्हणता येईना. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला ती गावातल्या पोलीस चौकीत हजेरीला जायची. हवालदार बिराप्पा वहीतून वाचून दाखवायचा, “लेखी परवानगीशिवाय सातारा जिल्ह्याची हद्द सोडता येणार नाही.” ती म्हणायची, “व्हय साहेब,” आणि उर्दूत सही करायची.

दोन वर्षांनी जैतूनबी गेली. शेवटचे दोन घोट पाणी तिनं लेकीच्या हातून घेतलं. अख्तरबी पायाशी बसून होती.

अकिला घरातही मराठीच बोलायची. तिकडं सतरा वर्षं मराठी बोलायला कुणी मिळालं नाही, आता पोटभर बोलून घेते, असं म्हणायची. तिचे शब्द जुने होते, पंधराव्या वर्षी जसे बरोबर नेले तसेच परत आणलेले. म्हाताऱ्या बायकांना ते ऐकून भरून यायचं. बाजारात सगळे तिला कराचीवाली म्हणत आणि हळूहळू सगळ्या घरालाच ते नाव पडलं. अख्तरबीच्या नवऱ्याला, महंमदलाही, लोक हाक मारत, “ओ कराचीवाले!” महंमद त्यावर हसायचा. चार पिढ्या उंबरगावात काढलेल्या घराला पाच वर्षांत दुसऱ्याच शहराचं नाव मिळालं, याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

आणि ती फाइल. अकिलाचे कागद महंमदनं आईच्या ओढणीत गुंडाळून ट्रंकेत ठेवले होते. त्यात अकिलाचा फोटो होता, एक सोडून चार. अख्तरबीचा फोटो जन्मात कुणी काढला नव्हता. तिच्या नावाचा वेगळा असा एकही कागद त्या घरात नव्हता. तिला कुणी जा म्हणणार नव्हतं, म्हणून ती आहे हे लिहून ठेवायची कुणाला गरज पडली नव्हती.

या मे महिन्यात रेडिओवर बातमी आली की दोन्ही देशांचं जमलं, बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू होणार. चावडीपुढं लोक म्हणाले, चला, बरं झालं. महंमदनं मात्र रेडिओ बंद केला आणि बराच वेळ बटणावरचा हात काढला नाही. गाडी सुरू झाली की गाडीत बसवायला माणसं लागणार. आणीबाणीचे दिवस, प्रत्येक टेबलावर कागद कडक झालेला. अकिलाला कायमचं राहू द्यावं असा अर्ज घेऊन तो मंगळवारीच साताऱ्याला गेला होता, शनिवारी येणार होता. जाताना फाइल त्यानं छातीशी धरली होती, पिशवीत टाकली नव्हती.

*

साळूबाई गेली त्याच दुपारी धामणवाडीचा तात्याबा सायकलवरून आला. मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेला, ऊसवाला माणूस. ओट्यावर टेकला, पाणी प्याला.

“शनिवारी आमच्या मनूचं लगीन हाय. उद्या घरातल्या, पावण्याच्या बायकांस्नी बांगड्या भराया पायजेत. परवा शुक्रवारी हळदीच्या आधी नवरीचा चुडा.”

“येते की,” अख्तरबी म्हणाली. “उद्या सकाळी निघते.”

तात्याबानं टोपी काढली, पुन्हा घातली. “तुमी तर घरच्याच, भाभी. पर मालकीण म्हणती, त्या कराचीवाल्या बाईलाच आणा.”

“धामणवाडी माज्या सासूच्या गिऱ्हाइकीचं गाव, सुभेदार. अठरा वर्षं मी येतीया तिथं.”

“आवं, न्हाई कोण म्हणतंय? पर लग्नाचं काम. एकबी वाढाया नको, असं रंगूबाईनं घेतलंय मनावर. बायकांच्या म्होरं मिलिटरीचं बी काय चालत न्हाई.” तो एकटाच हसला. “गाडी धाडतो उद्या.”

तो गेल्यावर अकिला दारातून बाहेर आली. तिचा चेहरा लग्नघर बघायला निघालेल्या पोरीसारखा झाला होता.

“भाभी, मी अम्मासंगं जायची धामणवाडीला. ओढ्यात पाय धुवून मग वर चढायचं. ते आपल्या साताऱ्यातच की, न्हाई?”

अख्तरबी माळा उतरवत होती. तिला ओढ्यावरची पाटी चांगली आठवत होती. ती लग्न होऊन आली तेव्हा पाटीवर ‘दक्षिण सातारा’ असं होतं. दोनेक वर्षांनी सरकारनं नाव बदललं, एक रंगारी शिडी लावून वरती ‘सांगली’ लिहीत होता, आणि ती नि महंमद चुड्याची टोपली घेऊन खालून जाताना थांबून बघत होते. महंमद म्हणाला होता, आजपासनं तुझी निम्मी गिऱ्हाइकं परजिल्ह्यातली झाली बघ. अकिला त्याआधीच गेली होती. तिच्या लेखी ओढ्याच्या दोन्ही काठांवर साताराच होता.

अख्तरबीनं माळेची गाठ सोडली, पुन्हा मारली.

“अम्माचंच गाव ते,” ती म्हणाली. “जा.”

*

गुरुवारी सकाळी बैलगाडी आली. अकिला टोपली मांडीवर घेऊन बसली, गल्लीच्या टोकापर्यंत मागं बघून हात हलवत राहिली.

अख्तरबीला वाटलं होतं, घर मोकळं झाल्यासारखं वाटेल. तिनं अंगण झाडलं, पाणी भरलं, माळा रंगाप्रमाणं लावल्या. तीन गिऱ्हाइकं आली. तिघींनी आधी आत डोकावून बघितलं आणि मग तिच्यापुढं हात केला.

दुपारी नसीम तिच्याशेजारी लसूण सोलायला बसली. पोर आता अकरा वर्षांची झाली होती, पाचवी पास होऊन सुट्टीत होती. मामीवर तिचा जीव होता. हेही अख्तरबीला धड घेता यायचं नाही, कारण पोर हसली की अगदी अकिला दिसायची.

“मामी, अम्मी कुठल्या गावाला गेली?”

“धामणवाडीला.”

नसीमनं पाकळीचं साल नखानं काढलं. मग थांबली. “ते तर सांगली जिल्ह्यात येतं.”

“कुणी सांगितलं तुला?”

“तिसरीत हुतं की. जिल्ह्याचा नकाशा रंगवला हुता आमी. ओढा निळा, आणि पलीकडं सगळं कोरं ठेवायचं. बाई म्हणाल्या, ते आपलं न्हाई, ते सांगलीचं.” ती मामीच्या तोंडाकडं बघत होती. “मग अम्मीला चालतंय तिथं गेलेलं?”

अख्तरबीच्या हातातला लसूण सोलून झाला होता, तरी ती सोलतच राहिली. अजून वेळ गेली नव्हती. साळूबाईच्या दिराला सायकलवर पिटाळलं असतं तर अर्ध्या तासात निरोप पोचला असता. अकिलाला म्हणावं, उठ आणि ये. तिच्या डोळ्यांपुढं रंगूबाईचं अंगण आलं. मांडवाखाली बायकांचा घोळका, मधोमध अकिला, आणि एकेक बाई उठून तिला वाकून नमस्कार करतेय.

“यील ती सांजच्याला,” अख्तरबी म्हणाली. “एवढ्याला काय हुतंय.”

नसीम उठली. लसणाचं टोपलं उचलून आत गेली.

ऊन कलल्यावर अख्तरबी तेलाची कुपी घेऊन पिराला गेली. दिवा लावला, वात पुढं केली, ओंजळ धरली. दर गुरुवारी ती काही ना काही मागायची. महंमदची तब्येत, पाऊस, बाजारात बरकत. आज मागायला तोंड उघडेना. ती तशीच उभी राहिली. मागून आलेली एक म्हातारी म्हणाली, “झालं असलं तर सरक की बाई.” तेव्हा ती सरकली.

*

दिवस बुडायच्या आत अकिला परत आली. ओटीत नारळ, खण, करंज्या. बसायचीही तिला उसंत नव्हती.

“भाभी, एकोणचाळीस बायका! रंगूबाईनं मला कांबळं टाकून दिलं बसायला. म्हाताऱ्या बायकांना अम्मा आठवली, लय रडल्या. आणि मनू, नवरी गं, हात बघा तिचा, नुसता बावरलेला. मी शब्द दिलाय तिला, उद्या मी...” तिचं बोलणं तिथंच थांबलं, कारण दारात सायकल टेकल्याचा आवाज झाला होता.

हवालदार बिराप्पा आत आला. जतकडचा माणूस, आवाज कधी वर जायचा नाही. तो ओट्यावर बसला नाही.

“मालक साताऱ्यासनं आले न्हाईत अजून?”

“शनिवारी येणार,” अख्तरबी म्हणाली.

त्यानं अकिलाच्या ओटीतला नारळ बघितला आणि नजर भिंतीवर नेली. “धामणवाडीच्या रंगूबाईचा भाचा तिकडच्या पोलिसात हाय. लग्नाला आलाय. मांडवात बायका बोलत हुत्या, कराचीवाली बाई आली, कराचीवाली बाई आली. त्यानं बाई बघितली न्हाई, नुसतं ऐकून ठाण्याला कळवलं. तिकडनं इकडं फोन आला. मला उद्या सकाळपातुर लिहून धाडायचंय.”

अकिला गोंधळून बघत होती. “मग? धामणवाडी तर साताऱ्यातच...”

“सांगली, अक्का. सोळा वर्षं झाली. ओढा ओलांडला की हद्द सुटली.”

अकिलाच्या हातातला खण खाली पडला. तिनं तो उचलला नाही. वळून अख्तरबीकडं बघितलं, रागानं नाही, नुसतं विचारल्यासारखं. आतल्या चौकटीला टेकून नसीम उभी होती. तीही मामीकडंच बघत होती.

“आत्ता तुमी जे बोलला ते मला ऐकू आलं न्हाई,” बिराप्पा म्हणाला. “बाहेर सायकलीचा आवाज हुता. आता मी नीट विचारतो, तवा बोला. पर आधी ऐका. बाई हद्द सोडून गेली असं मी लिहिलं, तर साताऱ्याचा अर्ज तिथंच बंद. गाडी सुरू व्हणार हाय. आधी कुणाला धाडायचं त्याची यादी वर चाललीय म्हणं. पोरीसकट. मी लहान माणूस हाय, अक्का. मी फकस्त लिहितो.” त्यानं खिशातून वही काढली, शिसपेन्सिलीचं टोक बघितलं. “आज धामणवाडीला बांगड्या भराया कोण गेलं हुतं?”

गल्लीत कुणाची तरी शेळी ओरडत होती.

“मी,” अख्तरबी म्हणाली.

बिराप्पानं वर बघितलं. “कराचीवाली आली हुती म्हणत्यात.”

“ह्या घरालाच म्हणत्यात तसं. पाच वर्षं झाली. माज्या मालकाला म्हणत्यात, मला म्हणत्यात. कुणालाबी विचारा बाजारात.” तिचा आवाज तिला स्वतःलाच कडू लागला. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

“म्हणत्यात खरं,” बिराप्पा म्हणाला आणि लिहायला लागला. लिहून झाल्यावर त्यानं शाईची डबी उघडली. अख्तरबीनं अंगठा पुढं केला.

“अकिलाबी कुठं हुत्या मग आज?”

“घरात. भाकरी थापत हुती.”

त्यानं तेही लिहिलं. दारात जाऊन थांबला. “त्यो भाचा लगीन हुईस्तोर तिथंच हाय. पोरगं तरणं हाय, नवी नोकरी हाय. उद्या चुडा भराया बसलेली बाई त्याच्या नजरंला पडायला पायजे. आणि ती रंगूबाईनं वळखाया पायजे. तिनं जर म्हटलं ही न्हवं, काल येगळी हुती, तर माज्या वहीचा काय उपेग न्हाई.”

“कळलं,” अख्तरबी म्हणाली.

*

सायकल गेल्यावर अकिलानं खण उचलला, घडी घातली, पुन्हा घातली.

“भाभी, तुमाला ठाऊक हुतं?”

अख्तरबी बोटाची शाई लुगड्याला पुसत होती. ती निघत नव्हती.

“हुतं.”

अकिला खाली बसली. अख्तरबी वाट बघत होती. अकिलानं ओरडावं, छाती बडवावी, पोरीला जवळ घेऊन रडावं, गल्ली गोळा करावी. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण अकिला उठली, हिरव्या बांगड्यांची माळ खुंटीवरून काढली आणि चिमणीच्या उजेडात एकेक बांगडी फिरवून बघायला लागली. कुठं चीर नाही ना, कुठं टोक नाही ना.

“मनूचा उजवा हात डाव्यापरास जड हाय,” ती खाली बघून म्हणाली. “ल्हानपणी उसाच्या चरकात अंगठा गावला हुता, तिथं हाड वर आलंय. उजव्यापासनं सुरवात करू नका. डावा हात पुरा भरा, तवर तिचं भ्या जातं. मग उजवा पंजा उलटा धरायचा, असा.” तिनं अख्तरबीचा हात घेतला, शाईच्या अंगठ्यासकट, आणि तळवा वर करून आपल्या मांडीवर ठेवला. “हितं दाबायचं न्हाई. हितनं वाट द्यायची.”

तिची बोटं ऊन आणि हलकी होती. अख्तरबीनं हात काढून घेतला नाही. पंधरा वर्षं जे सासू शब्दांनी शिकवत होती ते या बोटांना न शिकवता येत होतं. आत्तासुद्धा, या घडीलाही, तिला त्याचा राग आला.

“मी शब्द दिलाय पोरीला,” अकिला म्हणाली. “चुड्यातली एकबी वाढणार न्हाई म्हणून. लय रडत हुती. तिच्या थोरल्या बहिणीचा चुडा भरताना एक वाढली हुती, आणि ती...” ती थांबली. बांगडी पुन्हा उजेडात धरली.

तो चुडा अख्तरबीनं भरला होता.

थोरलीचं लग्न सत्तर साली झालं होतं. नवरा पलटणीत होता. दीड वर्षात लढाई लागली आणि तार आली. हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं, अख्तरबीलाही ठाऊक होतं. तिनं नंतर त्या पोरीचे मोकळे हात बघितले होते, हळहळली होती. पण चुडा भरताना एक वाढली होती, हे तिला आठवतही नव्हतं. दिवसात किती भरतो, किती वाढतात. तिनं तुकडे पदरात वेचले असतील आणि दुसरी बांगडी घेतली असेल.

रंगूबाईला आठवत होतं. सहा वर्षं ती अख्तरबीपुढं हात करत आली, नमस्कार करत आली, आणि एकदाही बोलली नाही. तात्याबानं काल टोपी काढून पुन्हा का घातली ते आता अख्तरबीला कळलं.

“तिनं तुला सांगितलं? कुणी भरला हुता ते?”

अकिलानं मान हलवली. हो की नाही ते समजलं नाही. “तुमी नका जाऊ, भाभी,” ती म्हणाली. “मी बिराप्पाला सांगते खरं काय ते. नशिबात आसंल तसं हुईल. त्या मांडवात तुमाला...”

“शब्द कुणी दिलाय?”

“मी.”

“मग तो पाळाया पायजे,” अख्तरबी म्हणाली. “त्यो हात पुन्यांदा दाव. उजवा. उलटा कसा धरायचा ते.”

*

पहाटेची नमाज झाली तेव्हा कोंबडे अजून आरवत होते. अख्तरबी मुसल्ल्यावर रोजच्यापेक्षा जास्त वेळ बसली. मग उठून तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, हात खोबरेल लावून चोळले, हिरव्या बांगड्यांची माळ मऊ फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवली. धामणवाडीची गाडी उन्हं वर आल्यावर येणार होती, पण ती कराचीवालीला न्यायला येणार होती. अख्तरबीला चालतच जायचं होतं, गाडी निघायच्या आधी रंगूबाईच्या दारात पोचायचं होतं.

आतल्या खोलीत अकिला नसीमला कुशीत घेऊन निजली होती. नसीमचे डोळे उघडे होते. दोघींची नजरानजर झाली. पोरीनं आईच्या अंगावरचा हात काढला नाही. अख्तरबीनं दार ओढून घेतलं.

साळूबाई अंगणात सडा टाकत होती.

“आवं, इतक्या येरवाळी कुठं?”

“धामणवाडीला. नवरीचा चुडा भराया.”

“तुमी?” साळूबाईच्या हातातला तांब्या थांबला. “रंगूबाईला अकिलाच पायजे हुती न्हवं? तुमी ग्येलेलं चालतंय तिला?”

अख्तरबीनं टोपली एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली, फडकं वर आलं होतं ते आत सारलं.

“जाऊन इचारते,” ती म्हणाली, आणि ओल्या सड्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चालायला लागली.